डांगी कळपाचा वंश: मातृवंशाच्या तपासणीवर विसंबावे काय?

बोरिवलीकर:
आमची शेती अकोले तालुक्यात असून वडिलांनी राखलेल्या अकरा डांगी गाई तेथे आहेत. मी नोकरीमुळे मुंबईत असतो. कळप अस्सल आहे असे वडील सांगतात, परंतु मधल्या काळात गावात जर्सीचे कृत्रिम रेतन होत असे आणि त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून मातृवंश कळतो असे वाचले. तेवढ्यावरून संकराचा उलगडा होईल काय?

पशुवैद्य, परळ:
होणार नाही, उलट आपली दिशाभूलच होईल. हा डीएनए वासराला केवळ आईकडून मिळतो आणि जर्सी आपल्या गोठ्यांत शिरली ती मुख्यतः रेतमात्रांतून, म्हणजे बापाकडून. त्यामुळे निम्मी जर्सी असलेली कालवडही या तपासणीत निखळ देशी ठरते. ब्राझीलमध्ये नेमके उलट घडले. आपल्याकडून गेलेले ओंगोल वळू तिथल्या युरोपीय वंशाच्या गाईंवर पिढ्यानपिढ्या सोडले गेले, म्हणून वशिंड आणि गळ्याखालची लोंबती पोळी मिरवणाऱ्या तिथल्या नेलोर जातीच्या कित्येक गाईंचा मातृवंश युरोपीय निघतो.

गोवंश अभ्यासक, ठाणे:
आणखी एक अडचण आहे. वशिंडाची गुरे सुमारे ८,००० वर्षांपूर्वी सिंधूच्या परिसरात माणसाळली आणि त्यांचे मातृवंश प्रामुख्याने आय-१ व आय-२ या दोनच गटांत मोडतात, त्यामुळे गीर, खिलार आणि डांगी यांतला फरक त्यावरून सांगता येत नाही. वळूचे वाय गुणसूत्र पितृवंश सांगते खरे, पण गाईला ते नसतेच. आपल्याला संपूर्ण जनुकसंचावर विखुरलेल्या खुणा तपासणारी चिप हवी. युरोपीय जातींवरून घडवलेल्या चिपांत आपल्या गुरांमधली विविधता पुरती उमटत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची ११,४९६ खुणांची ‘इंडिगऊ’ चिप २०२१ मध्ये आली ती याच गरजेतून.

बोरिवलीकर:
आभारी आहे. संकर चार-पाच पिढ्यांपूर्वीचा असल्यास तो दिसेल काय?

पशुवैद्य, परळ:
पुढे सतत डांगी वळूच वापरला असेल, तर पहिल्या संकरातला निम्मा वाटा पाचव्या पिढीत सरासरी तीन टक्क्यांवर येतो, आणि इतका अंश नेमका ओळखण्यासाठी तुलनेला खात्रीच्या डांगी जनावरांचे नमुने लागतात. आपल्या गाईंच्या शेपटीच्या गोंड्याचे केस मुळासकट उपटून घ्यावेत. कापलेले केस चालत नाहीत, कारण हवा असलेला डीएनए मुळाशी असतो. सुरुवात कळपातल्या सर्वांत म्हाताऱ्या गाईपासून करावी.