२४-२६ जानेवारी, मुलुंडहून नाशिकच्या वायनऱ्या: बेत तपासून द्याल का?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. २४, २५, २६ जानेवारी, म्हणजे शनि-रवि-सोम, चौघं जण एका गाडीने निघतोय. चौघांत एक जण अजिबात घेत नाही. बाकी तिघांची वाईनशी ओळख 'लाल आणि पांढरी' एवढीच. कच्चा बेत असा:

शनिवारी सकाळी ७ ला निघून सुला, सोमा आणि यॉर्क. रविवारी दिंडोरीला शाँदों, तिथून वणीमार्गे सापुतारा. सोमवारी परतताना इगतपुरीजवळ वालोने आणि ग्रोव्हर झाम्पा.

विचारायचं हे की एका दिवसात तीन वायनऱ्या झेपतात का? द्राक्षं वेलीवर दिसतील का? आणि टेस्टिंगमध्ये नेमकं करायचं काय, म्हणजे बावळट दिसायला नको. फ्रतेलीचंही नाव ऐकलंय, ते याच वाटेवर बसेल का?

गोडी छाटणी

आधी सोमवार खोडा. २६ जानेवारी हा ड्राय डे. त्या दिवशी टेस्टिंग नाही आणि बाटलीची विक्रीही नाही. जोडून सुट्टी पाहून बेत आखणारे नेमके इथेच फसतात. निवडणुकीचा काळ असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंदीत येतो, तोही पाहून ठेवा.

म्हणून क्रम उलटा करा. इगतपुरीची बाजू जातानाच, शनिवारी उरका. वालोने कावनईला आहे, मुकणे धरणाच्या अंगाला. ग्रोव्हर झाम्पा सांजेगावला. दोन्ही इगतपुरी तालुक्यातच, नाशिक गाठायची गरज नाही. यातली एकच निवडा, तिथेच जेवा आणि संध्याकाळी नाशिकला मुक्कामाला जा. लहान वायनरीत आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. तसंच दारात उभं राहिलात तर दाखवायला माणूस मोकळा असेलच असं नाही.

दिवसाला दोन, त्याच्या वर नाही. एका ठिकाणी फेरी आणि टेस्टिंग मिळून दीड-दोन तास जातात, शिवाय चौथ्या-पाचव्या पेल्यानंतर जिभेला फरक कळेनासा होतो. तिसऱ्या वायनरीत तुम्ही फक्त पैसे देता.

सुला टाळा असं म्हणणार नाही. १९९९ पासूनची वायनरी आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथली फेरी नीट समजते. पण जानेवारीतल्या जोडसुट्टीत दुपारनंतर तिथे दादरचा पूल होतो. रविवारी उघडल्या उघडल्या पहिली फेरी घ्या. यॉर्क तिथून जवळच आहे (२०२१ पासून सुलाच्याच मालकीची), गंगापूर धरणाच्या पाण्यावर मावळती बघायला बरी. सोमा आणि शाँदों या खेपेला सोडा. शाँदोंला मुख्यतः फेसाळ वाईन होते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पद्धत समजून घ्यायची असेल तर त्यासाठी वेगळी सकाळ द्यावी. फ्रतेली अकलूजला, सोलापूर जिल्ह्यात. मुंबईहून एका बाजूला सहा तासांच्या वर लागतात, त्यामुळे या वाटेवर बसत नाही.

आता द्राक्षं. तुमची तारीख उत्तम आहे. आपल्याकडे वेलीची वर्षाला दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिने नुसती काडी तयार होते. पाऊस ओसरताना गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. म्हणून युरोपात सप्टेंबरात होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये. पावसाळ्यात जाणाऱ्याला हिरवेगार मांडव दिसतात आणि घड एकही नाही, मग तो हिरमुसतो. फेसाळ वाईनची द्राक्षं सगळ्यात आधी तोडतात, कारण तिला आंबटपणा हवा आणि साखर कमी. मग सोविन्यों ब्लां, शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाईनची. शिराझ, कॅबर्ने ही लालची काळी द्राक्षं मागाहून. म्हणजे जानेवारीअखेर पांढऱ्यांची गडबड चालू आणि काळी द्राक्षं अजून वेलीवर, असं दोन्ही बघायला मिळेल.

तोडणी मात्र पहाटे होते. द्राक्ष थंड असताना आलं तर आंबटपणा आणि वास टिकतो. अकरा वाजता बागेत कुणी दिसलं नाही तर नवल वाटू देऊ नका, त्या वेळी खरं काम टाक्यांपाशी असतं. तिथली फरशी रसाने निसरडी असते. पुढून बंद बूट घाला. पायांनी द्राक्षं तुडवण्याची रांग सोडलीत तरी काही बिघडत नाही.

आणि हो, घड तोडून खायला जाऊ नका. एक तर विचारल्याशिवाय तोडू नये. दुसरं म्हणजे वाईनचं द्राक्ष लहान, जाड सालीचं, बियांचं. थॉम्सनची, म्हणजे नेहमीच्या बिनबियांच्या खायच्या द्राक्षाची, चव मनात धरून तोंडात टाकलंत तर सालच चावत बसाल.

तुरट

टेस्टिंगचं मी सांगते.

सकाळी मिसळ खाऊन जाऊ नका. नाशिकला गेल्यावर हे ऐकायला जड जातं, पण तिखटाने भाजलेल्या तोंडाला अल्कोहोल आणखी झोंबतं आणि लाल वाईन उगाच कडवट लागते. पोहे, इडली, आम्लेट असलं काही पोटभर खा. उपाशीपोटी तर मुळीच नको. कडक चहा, पान, वेलची, पुदिन्याची गोळी यांपासून अर्धा तास लांब राहा. अत्तर आणि सेंट त्या दिवशी घरी. तुमच्यामुळे शेजारच्याचाही वास मारला जातो.

पेल्यात ३०-४० मिली ओततात. पेला देठाला धरा, पोटाला धरलात तर हाताच्या उबेने पांढरी वाईन तापते. पांढऱ्या कागदावर तिरका करून रंग बघा. पांढरी वाईन तरुण असूनही तपकिरीकडे झुकली असेल तर हवा लागली असं समजा. मग न हलवता एकदा वास घ्या, नंतर गोल फिरवून पुन्हा. दोन वासांत फरक असतो आणि तोच बघायचा असतो. काचेवरून ओघळणाऱ्या रेषा बघून 'वा, भारी' म्हणणारे भेटतील. त्या रेषा मुख्यतः अल्कोहोल किती आहे ते सांगतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही.

घोट लहान, दोन चमचे. तोंडभर फिरवा. कैरी आठवल्यासारखं पाणी सुटलं तर तो आंबटपणा. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आणि हिरड्या ओढल्या गेल्या तर तो टॅनिनचा तुरटपणा, तो सालीतून आणि बियांतून येतो, म्हणून लालमध्ये जास्त. मग थुंका. त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, नसेल तर मागा. यात कुणी बावळट ठरत नाही, उलट ओतणारा जरा मन लावून बोलायला लागतो.

क्रम: फेसाळ, पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, जड लाल, शेवटी गोड लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची). गोड आधी घेतलीत तर नंतरची प्रत्येक वाईन नुसती आंबट लागेल. सोविन्यों ब्लांमध्ये पेरू आणि हिरवी ढोबळी मिरची शोधा, शिराझमध्ये काळी मिरी. नाही सापडली तर नाही सापडली, पाठ केलेलं म्हणून दाखवू नका.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट वर्तमानपत्राचा वास आला तर बूच खराब आहे. सांगा, दुसरी बाटली उघडतात. तळाशी काचेसारखे बारीक खडे दिसले तर तो दोष नाही. ते टार्ट्रेटचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाच्या क्षाराचे, थंडीने जमतात.

लाल वाईन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हे युरोपातल्या खोलीसाठी लिहिलेलं आहे. १६-१८ अंश हवेत, मुलुंडच्या दिवाणखान्यात ३० असतात. घरी लाल बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडा. पांढरी ८-१२ अंशांना.

डिकीवाला

गाडी कोण चालवणार, हे बेतात लिहिलेलंच नाही!

हिशेब करा. ४० मिलीचे ६ पेले न थुंकता घेतले तर २४० मिली. १३ टक्क्यांनी त्यात सुमारे ३१ मिली अल्कोहोल, वजनाने २५ ग्रॅम. ७५ किलोच्या पुरुषाच्या रक्तात ढोबळमानाने १०० मिलीमागे ४५-५० मिलिग्रॅम, ६० किलोच्या स्त्रीच्या रक्तात ७० च्या वर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० मिलिग्रॅम. पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शरीर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम उतरवतं, म्हणजे 'जेवलो, तासभर बसलो' याने काही होत नाही. न घेणारी व्यक्ती गाडी चालवणारी असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर रविवारी नाशिकमधून ८ तास ८० किलोमीटरची टॅक्सी ठरवा. ॲपच्या भरवशावर राहू नका, संध्याकाळी गंगापूरच्या बाजूला गाडी मिळता मिळत नाही.

सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. डिकीत वाईनच्या बाटल्या घेऊन वणीमार्गे सीमा ओलांडलीत तर तो सरळ गुन्हा, महाराष्ट्रातलं बिल दाखवून सुटका नाही. सापुतारा काढाच.

बाटल्या आणायच्या तर मासळीची असते तशी थर्माकोलची पेटी न्या, पण घासून धुतलेली. उन्हात उभ्या गाडीची डिकी जानेवारीतही सहज चाळिशी ओलांडते. आतली वाईन फुगून बूच वर सरकतं, कडेने पाझर दिसतो आणि चव शिजवलेल्या मुरंब्यासारखी होते. एसी चालू असताना पेटी मागच्या सीटच्या पायाशी ठेवा आणि खरेदी शेवटच्या थांब्यावर करा. मुंबईच्या दुकानात मिळणारं लेबल तिथून वाहून आणण्यात अर्थ नाही, फक्त वायनरीतच मिळणारं विचारा. पांढरी घेताना लेबलवरचं साल बघा, एक-दोन वर्षांपेक्षा जुनी साधी पांढरी नको. घरी बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. फ्रिजच्या डोक्यावर कुठलीच नाही.

मुलुंडकर

सगळ्यांचे आभार, सापुतारा आणि सोमवार दोन्ही खोडले. न घेणारी माझी बहीण आहे आणि ती गाडी चालवत नाही. मग गाडीच नको म्हटलं तर? आणि तिला टेस्टिंगला काय करता येईल?

कसारा लोकल

गाडीशिवाय छान जमतं. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडा, ठाण्याला किंवा कल्याणला चढा, रात्री दहाच्या आत नाशिक रोड. परत यायला संध्याकाळची तपोवन. पंचवटी सकाळी मुंबईकडे येते, त्यामुळे शनिवारी सकाळी निघणाऱ्याला ती उपयोगाची नाही, त्याने सकाळी सहाच्या सुमाराची तपोवन धरावी. मात्र जोडसुट्टीचं आरक्षण आत्ताच करा. नाशिक रोड ते सुला २० किलोमीटरच्या आसपास आहे, टॅक्सीचे पैसे त्यात धरा. ट्रेनने गेलात तर वालोनेसाठी शनिवारी नाशिकहून टॅक्सीने उलटं यावं लागेल.

गाडीच न्यायची झाली तर ७ नाही, साडेपाच. कोंडी माजिवडा ते वडपे या पट्ट्यात होते. पुढे आमण्याला समृद्धी महामार्गावर चढलात की कसारा घाट टळतो, इगतपुरीला उतरून पुढचा रस्ता जुनाच.

तुरट

बहिणीला बागेची आणि टाक्यांची फेरी घेता येईल, टेस्टिंगशिवाय फेरी मिळते का हे बुकिंग करतानाच विचारा. नुसता वास घेत बसली तरी चालतं, निम्मं काम नाकाचंच असतं. थुंकूनही थोडं अल्कोहोल अंगात जातं, त्यामुळे औषध किंवा पथ्यामुळे बंद असेल तर घोटही नको. चौघांचंही आधार कार्ड घ्या, वाईनसाठी २१ पूर्ण लागतात.

गोडी छाटणी

सोमवार रिकामा राहिला म्हणून हळहळू नका. निफाडजवळ नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), आणि जानेवारीत तिथे स्थलांतरित पक्षी भरपूर असतात. उजाडताना पोचा, ऊन चढलं की पक्षी लांब सरकतात. परतताना ती राहिलेली मिसळ खा.