युनायटेडची संघबांधणी नेमकी कोण करते? (जून २०२५ मधील चर्चा)

रंकाळावेस_युनायटेड:

नुकत्याच संपलेल्या २०२४-२५च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडचा संघ प्रीमियर लीगमध्ये ३८ सामन्यांतून ४२ गुण घेऊन पंधराव्या स्थानावर राहिला, आणि बिल्बाओ येथे झालेल्या युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात, लीगमध्ये आपल्याही खाली सतराव्या क्रमांकावर असलेल्या टॉटनहॅमकडून १-० असा हरला. आपल्याकडे तो सामना रात्री साडेबाराला सुरू झाला, आणि कोल्हापुरात त्या रात्री किती दूरचित्रवाणी संच चिडून बंद केले गेले असतील याचा अंदाज मला आहे. पण हा प्रश्न त्या पराभवाविषयी नाही. अंतिम सामना कोणीही हरू शकतो. हा संघ अशा अवस्थेला आला कसा, आणि त्यातला प्रत्येक खेळाडू कोणाच्या सांगण्यावरून आला, हे मला समजून घ्यायचे आहे.

पैसे नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. २०१६ मध्ये पोग्बासाठी ८ कोटी ९० लाख पौंड मोजले गेले, आणि हाच खेळाडू २०१२ मध्ये याच क्लबमधून जवळजवळ फुकट गेला होता. २०२२ मध्ये करार संपल्यावर तो पुन्हा फुकटच गेला. पुढे लुकाकू साडेसात कोटींना, मॅग्वायर आठ कोटींना, सँचो सात कोटी तीस लाखांना आणि अँटनी आठ कोटींहून अधिक रकमेला आला. इतके करून गेल्या हंगामात लीगमध्ये संपूर्ण संघाचे गोल किती, तर ४४. त्यात होयलुंडचे चार आणि झिर्कझीचे तीन. आघाडीवीर म्हणून आणलेल्या दोघांची ही मिळून सातची कामगिरी आहे.

सर्वांत जास्त खटकतो तो २०२४चा उन्हाळा. मे महिन्यात एफए चषक जिंकल्यावर प्रशिक्षक टेन हाग यांना ठेवायचे की काढायचे याचा क्लबने बराच काळ विचार केला, जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला, त्यांच्या पसंतीच्या खेळाडूंसह सुमारे २० कोटी पौंडांची खरेदी केली आणि २८ ऑक्टोबरला त्यांना काढून टाकले. त्यांच्या जागी आलेले अमोरिम तीन बचावपटू आणि दोन विंग-बॅक (कडेने बचाव आणि आक्रमण दोन्ही करणारे खेळाडू) घेऊन खेळतात, हे पोर्तुगालमधील फुटबॉल पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक होते; आणि आपल्याकडे तंदुरुस्त, अस्सल विंग-बॅक जवळजवळ नव्हताच. अमादसारख्या आक्रमक खेळाडूला उजव्या बाजूने बचावासह धावायला लावावे लागले. आता आक्रमक खेळाडू मॅथ्यूस कुन्हासाठी ६ कोटी २५ लाख पौंड मोजले जात आहेत, तेव्हा आनंद मानावा की धास्ती घ्यावी हे मला उमगत नाही.

जाणकारांना विनंती अशी की ‘मालक ग्लेझर कुटुंब निघून गेले की सर्व ठीक होईल’ एवढ्यावर उत्तर संपवू नये. ती घोषणा मीही दिलेली आहे.

हिशेबनीस:

मी हिशेबाच्या कामात असल्यामुळे त्या बाजूने उत्तर देतो, कारण चाहते सहसा खरेदीची किंमत पाहतात आणि त्यानंतरची चार-पाच वर्षे विसरतात.

क्लबच्या वहीत खेळाडूची किंमत त्याच्या कराराच्या वर्षांवर विभागून लावली जाते. अँटनीची किंमत सोयीसाठी आठ कोटी धरली आणि करार पाच वर्षांचा धरला, तर दरवर्षी १ कोटी ६० लाख खर्ची पडतात. तीन वर्षांनंतरही वहीत ३ कोटी २० लाख शिल्लक राहतात. म्हणजे आज कोणी दोन कोटी देऊ केले, तर क्लबला रोख रक्कम मिळेल, पण ताळेबंदात त्याच दिवशी १ कोटी २० लाखांचा तोटा उमटेल. प्रीमियर लीगच्या २०२४-२५ मधील नियमानुसार तीन वर्षांत साधारण १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा अधिक तोटा दाखवता येत नसल्यामुळे चुकलेला खेळाडू विकणेही परवडत नाही. म्हणून त्याला लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, स्पेनमधील बेटिस क्लबला द्यावे लागले. त्यात पगाराची भर पडते. २०१८ मध्ये अलेक्सिस सांचेझला दिलेल्या पगाराने ड्रेसिंग रूममधील प्रत्येकाची अपेक्षा वाढवली, आणि तेव्हापासून युनायटेडमध्ये मिळणारा पगार दुसरा कोणताही क्लब देत नाही म्हणून खेळाडू हलायला तयार होत नाहीत. सँचोला लोनवर घेतलेल्या चेल्सीने त्याला कायम ठेवण्याऐवजी ५० लाख पौंड दंड भरून परत पाठवणे पसंत केले, यावरून काय ते ओळखावे.

याची दुसरी बाजू अधिक वेदनादायक आहे. क्लबच्या स्वतःच्या युवा अकादमीत घडलेल्या खेळाडूची वहीतील किंमत शून्य असते, त्यामुळे तो विकला की संपूर्ण रक्कम नफा म्हणून दिसते. मॅकटॉमिनेला ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे अडीच कोटींना नापोलीला विकले, ते या गणितातूनच. त्याने पहिल्याच हंगामात लीगमध्ये १२ गोल केले, नापोली इटलीचे विजेते ठरले आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. बाहेरून आणलेले न विकता येणारे खेळाडू सांभाळण्यासाठी घरचे विकायचे, असा हा व्यवहार आहे. तो नियमानेच घडवला आहे हे मान्य. परंतु नियम सर्वांना सारखाच आहे आणि सर्वांची अशी गत झालेली नाही.

ग्लेझर कुटुंबाला मात्र यातून पूर्ण मोकळे सोडता येणार नाही. २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेताना काढलेल्या कर्जाचा मोठा भार त्यांनी क्लबवरच टाकला, आणि त्याचे व्याज आजही क्लबच भरतो आहे.

राजारामपुरी_रेड:

लिव्हरपूलचा चाहता इथे आल्याबद्दल राग नसावा. एकच गोष्ट नोंदवतो. २०२४ मध्ये क्लॉप गेले, स्लॉट आले, आणि नव्या प्रशिक्षकासाठी त्या उन्हाळ्यात संघात प्रत्यक्ष दाखल झालेला खेळाडू एकच होता, तो म्हणजे किएझा, आणि तोही बहुतेक काळ बाकावरच बसला. तरीही आम्ही लीग जिंकलो. प्रशिक्षक निवडतानाच हाती असलेल्या संघाला कोणाची पद्धत मानवेल हे पाहिले गेले होते. तुमच्याकडे आधी प्रशिक्षक येतो आणि मग त्याला मानवेल असा संघ शोधण्यात तीन वर्षे जातात, तोवर तो प्रशिक्षक गेलेला असतो.

फुलबॅक:

वरील सर्व मुद्दे वाचले. मी वयाने या गटातील बहुतेकांपेक्षा मोठा असेन, आणि आमच्या पेठेच्या संघाच्या व्यवस्थापनात काही वर्षे काम केलेले असल्यामुळे मला हा प्रकार परका वाटत नाही. शाहू स्टेडियमवर सामने पाहणाऱ्यांना सांगायला नको, की एखाद्या हंगामात वर्गणी बरी जमली की बाहेरचे दोन-तीन चांगले खेळाडू आणण्याचा मोह होतो. आमच्या मंडळानेही तो केला. ज्या प्रशिक्षकाच्या आग्रहाने ते खेळाडू आणले, तो पुढच्या हंगामात राहिला नाही; नव्या प्रशिक्षकाला वेगळे खेळाडू हवे होते; आणि मधल्या वर्षात बाकावर बसलेली पेठेतली पोरे दुसऱ्या तालमीच्या संघाकडून खेळू लागली. त्या पोरांनी आम्हालाच हरवले तेव्हा आमच्याच गॅलरीतून त्यांना टाळ्या मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. आमची रक्कम हजारांत होती आणि त्यांची कोटींत आहे, एवढे सोडल्यास माणसे निर्णय कसे घेतात यात मला विशेष अंतर दिसत नाही.

प्रश्नकर्त्यांना माझे सांगणे असे, की खरेदीची यादी नावांनुसार न वाचता प्रशिक्षकांनुसार वाचून पाहावी. ओनाना, लिसांड्रो मार्टिनेझ, अँटनी, डी लिख्ट, मझरावी हे सर्वजण टेन हाग यांच्या हाताखाली आयाक्समध्ये खेळलेले आहेत. यांपैकी मार्टिनेझ मला आजही आवडतो आणि मझरावीने मिळेल त्या जागी इमानाने काम केले आहे, म्हणजे खेळाडू वाईट होते असे नाही. परंतु जगभर खेळाडू शोधण्यासाठी माणसे नेमलेल्या क्लबने एका माणसाच्या ओळखीच्या वर्तुळात इतकी खरेदी करावी, याचा अर्थ त्या शोधणाऱ्या माणसांना कोणी विचारत नव्हते. फुटबॉल संचालक (खेळाडूंची खरेदी आणि संघबांधणी पाहणारा अधिकारी) हे पदच युनायटेडमध्ये मार्च २०२१ पर्यंत नव्हते. मँचेस्टर सिटीने त्या पदावर बेगिरिस्टाइन यांना २०१२ मध्येच आणले होते. त्या मधल्या काळात आपल्याकडे क्लबचा कारभार पाहणारे वुडवर्ड होते, ज्यांना प्रायोजक मिळवण्याची कला उत्तम अवगत होती.

मात्र २०१३ पूर्वी, म्हणजे प्रशिक्षक फर्ग्युसन निवृत्त होण्यापूर्वी, सर्व आलबेल होते, हा समज मला मान्य नाही. फर्ग्युसन यांनी शेवटची लीग जिंकली ती व्हॅन पर्सीच्या गोलांवर, आणि तो आला तेव्हा २९ वर्षांचा होता. मागे फर्डिनांड, विडिच, एव्हरा तिशी ओलांडलेले, आणि गिग्ज तर चाळिशीला टेकलेला. संघाची डागडुजी करण्याची वेळ तेव्हाच टळून गेली होती, आणि फर्ग्युसन यांच्या हिकमतीमुळे ती कोणाला दिसली नाही. फर्ग्युसन गेले त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल हेही गेले. त्यांच्या जागी आलेले प्रशिक्षक मॉयस यांच्या वाट्याला वृद्ध संघ आणि अननुभवी कार्यालय आले, आणि खरेदीच्या शेवटच्या दिवशी धावपळ करून फेलैनी आणला गेला.

एक गोष्ट मनाला लागते ती लिहून थांबतो. ऑक्टोबर १९३७ पासून प्रत्येक सामन्याच्या संघात युनायटेडने स्वतः घडवलेला किमान एक खेळाडू असतो. ज्या एफए चषकाचा उल्लेख प्रश्नात आहे, त्या अंतिम सामन्यात सिटीविरुद्धचे दोन्ही गोल गार्नाचो आणि मेनू यांनी केले. दोघेही अकादमीतून वर आलेले, दोघेही एकोणीस वर्षांचे. आज गार्नाचोला नवा क्लब शोधायला सांगितल्याच्या बातम्या आहेत.

रंकाळावेस_युनायटेड:

काका, आपण यादी प्रशिक्षकांनुसार वाचायला सांगितली, ती वाचली आणि उलट अधिक अस्वस्थ झालो, कारण त्या यादीत अमोरिम यांचे पान आता सुरू होत आहे. दोर्गू आला, कुन्हा येत आहे, आणि दोघेही त्यांच्या पद्धतीत बसतात असे सांगितले जाते. उद्या नोव्हेंबरात निकाल बिघडले तर हे दोघे पुढच्या प्रशिक्षकाच्या कोणत्या जागी बसणार?

रॅटक्लिफ यांच्याकडूनही माझी अपेक्षा हीच होती, की फेब्रुवारी २०२४ मध्ये २७.७ टक्के हिस्सा आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतल्यावर त्यांनी आधी निर्णय घेणारी माणसे स्थिर करावीत. त्यांनी क्रीडा संचालक म्हणून डॅन ॲशवर्थ यांच्यासाठी न्यूकॅसलशी महिनोन्महिने घासाघीस केली, जुलैमध्ये ते रुजू झाले आणि डिसेंबरात बाहेरही पडले. टेन हाग आणि ॲशवर्थ यांच्या जाण्यावर मिळून सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड गेले. त्याच काळात शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, उरलेल्यांचे फुकट जेवण बंद झाले आणि हंगामाच्या मध्यावर तिकीट ६६ पौंडांवर नेताना लहान मुले व वृद्धांची सवलतही काढून घेतली. काटकसरीला माझा विरोध नाही, परंतु ती स्वयंपाकघरातून सुरू व्हावी आणि खरेदीच्या खोलीपर्यंत पोहोचूच नये, हे पटत नाही.

हिशेबनीस यांना एक विचारायचे आहे. जानेवारी २०२० मध्ये ब्रूनो फर्नांडिस सुमारे ४ कोटी ७० लाखांना आला, आणि पाच वर्षे तोच संघ ओढतो आहे. प्रशिक्षक बदलले तरी तो प्रत्येकाला चालला. असे एकदा जमले, मग पुन्हा का जमले नाही?

हिशेबनीस:

ब्रूनोच्या वेळी संघात गोलसंधी निर्माण करणारा खेळाडू नव्हता, आणि तो पंचविशीत, प्रत्येक आठवड्याला खेळण्याइतका तंदुरुस्त होता. रिकामी जागा आधी ठरली आणि खेळाडू नंतर शोधला गेला. याउलट २०२२ मध्ये कासेमिरोसाठी तिशीत चार वर्षांचा करार आणि सहा कोटींची मूळ किंमत दिली गेली, तेव्हा क्लब वेगळ्याच खेळाडूच्या मागे संपूर्ण उन्हाळा घालवून बसला होता आणि ब्रेंटफर्डकडून चार गोलांनी हरून हादरलेला होता. पहिले वर्ष कासेमिरोने उत्तम खेळून दाखवले, हेही नमूद करायला हवे.

कुन्हाच्या बाबतीत मला किमान एवढे समाधान आहे, की करारातील ठरलेली रक्कम भरून तो घेतला जात आहे. वाटाघाटीत शेवटच्या आठवड्यात किंमत फुगण्याचा प्रकार टळला. मात्र तो ज्या भागात खेळतो तिथे ब्रूनो, अमाद आणि माउंट आधीच आहेत. मधल्या फळीत कासेमिरो आता ३३ वर्षांचा आहे, एरिक्सनचा करार संपत आहे, आणि ब्रूनोने अल हिलालचा प्रस्ताव नाकारला असला तरी तोही सप्टेंबरात ३१ वर्षांचा होईल. उगार्ते आणि मेनू यांच्यापलीकडे त्या जागेसाठी कोणी नाही. ऑगस्ट संपेपर्यंत तिथे धावणारा एक तरुण मध्यरक्षक आला नाही आणि पुढच्या फळीत मात्र आणखी दोघे आले, तर तुमच्या धास्तीला आधार आहे असे मी म्हणेन.

फुलबॅक:

आणि मेनूला विकून त्याच पैशांत तो मध्यरक्षक आणला, तर मी तरी पुढच्या हंगामात रात्री साडेबाराला जागणार नाही.