मदत हवी आहे: बंगळूरूची विधान सौध आतून पाहण्याविषयी

पुढच्या महिन्यात आई-वडिलांसह बंगळूरूला जाणार असून विधान सौध, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची इमारत, आतून पाहण्याची फार इच्छा आहे. म्हैसूर राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने उभी राहून 1956 साली पूर्ण झालेली ही ग्रॅनाइटची वास्तू मागच्या खेपेस केवळ कुंपणाबाहेरून पाहिली. सकाळच्या तिरप्या उन्हात पूर्वेकडचे ते 12 उंच खांब आणि त्यांवरचे कोरीवकाम हळूहळू उजळत होते, आणि मी गजांना टेकून कितीतरी वेळ तशीच उभी होते. समोरच्या लाल अठरा कचेरीला, म्हणजे आताच्या उच्च न्यायालयाला, द्राविडी शैलीत दिलेले ते जणू उत्तरच आहे, असे मला मनापासून वाटते.

सुटीच्या दिवशी मार्गदर्शकासह आत सोडतात, असे कळले आहे. तिकीट आधीच काढावे लागते का, आणि ओळखपत्र कोणते चालते? वडिलांचे गुडघे दुखतात, दर्शनी पायऱ्या मात्र चाळीसहून अधिक आहेत; त्यांच्यासाठी दुसरी वाट किंवा लिफ्ट मिळते का? आत बसून रेखाटन करू देतात का, हेही अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया कळवावे.