मदत हवी आहे: गिट आर्काइव्हच्या टार फाईलमधल्या परमिशन 664 ऐवजी 644 कशा करायच्या?

नमस्कार मंडळी, अंधेरीला एका छोट्या टीममध्ये काम करतो, रिलीजची टार फाईल (सगळ्या फाईल एकत्र बांधलेलं पॅकेज) गिट आर्काइव्हनेच, म्हणजे कोड सांभाळणाऱ्या गिट टूलच्या कमांडनेच बनवतो. प्रॉब्लेम असा की क्लायंटच्या सर्व्हरवर रूटने (ॲडमिन युजरने) ती उघडली की सगळ्या फाईल 664 आणि फोल्डर 775 होतात, म्हणजे ग्रुपला पण लिहायची परवानगी, आणि त्यांच्या सिक्युरिटीवाल्यांनी रिलीज परत पाठवलाय. माझ्या लॅपटॉपवर साध्या युजरने उघडलं तर 644 (ग्रुपला फक्त वाचायची परवानगी) दिसतं, म्हणून दोन दिवस कळतच नव्हतं.

शोधल्यावर कळलं की गिट फक्त फाईल एक्झिक्युटेबल आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं, बाकीचं टार डॉट युमास्क (कोणत्या परवानग्या काढून टाकायच्या ते सांगणारी सेटिंग) ह्यावरून ठरतं आणि त्याची डिफॉल्ट किंमत 0002 आहे. ती 0022 केली, लोकलला मस्त चाललं! पण आमची फायनल टार फाईल रिमोट ऑप्शन वापरून, म्हणजे थेट दुसऱ्या सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीतून (कोडच्या साठ्यातून) बनते, तिथे रिमोट रिपॉझिटरीचंच कॉन्फिग चालतं आणि त्या सर्व्हरचा ॲक्सेस माझ्याकडे नाही.

मग आधी क्लोन करून (रिपॉझिटरीची कॉपी माझ्या मशीनवर घेऊन) तिथूनच आर्काइव्ह करू का? टार डॉट युमास्कची किंमत 'युजर' (म्हणजे आर्काइव्ह बनवणाऱ्याचा स्वतःचा युमास्क) ठेवणं मला पटत नाही, प्रत्येकाच्या मशीनवर वेगळं येईल. कोणी केलंय का असं? शुक्रवारी डिलिव्हरी आहे, प्लीज सांगा.