नर्स : रुग्णाच्या आधी तान्हं मूल

‘नर्सिंग अ ग्रज’, म्हणजे कुणावरचा राग मनात धरून ठेवणं, या इंग्रजी प्रयोगात नर्स कुठून आली, याचं उत्तर दवाखान्यात शोधून सापडणार नाही. नर्सचं मूळ काम अंगावर पाजण्याचं. लॅटिन ‘नूट्रिरे’ म्हणजे दूध पाजणं, पोसणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोरिस’, म्हणजे दूध पाजणारी दाई, आणि ती झिजून इंग्रजीत नर्स झाली. नरिश, नर्चर, न्यूट्रिशन ही त्याच घरातली.

गंमत पुढेच आहे. या लॅटिन धातूचं नातं व्युत्पत्तिकार संस्कृत ‘स्नु’शी जोडतात. स्नु म्हणजे पाझरणं. त्यावरून ‘प्रस्नव’, आणि प्रस्नवाचा मराठीत झाला पान्हा! नर्स आणि पान्हा एकमेकांचे लांबचे नातलग निघावेत, याहून चपखल काय असणार?

शेक्सपिअरच्या ज्युलिएटची नर्स ही अशीच दाई. ज्युलिएटचं अंगावरचं तोडताना स्तनाला कडू पाला लावल्याची आठवण ती स्वतःच सांगते. तिला ‘परिचारिका’ म्हणणं म्हणजे पात्राचा जीवच काढून घेणं. पण शेक्सपिअरच्याच ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये बायको म्हणते, आजारी नवऱ्याची नर्स मीच होईन. म्हणजे शुश्रूषेचा अर्थही तोवर रुळला होता. अर्थ असा पसरल्यावर पाजणारी ती ‘वेट नर्स’ आणि नुसती सांभाळणारी ती ‘ड्राय नर्स’ असं फोड करून सांगावं लागलं. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रशिक्षणशाळा निघाली, नर्स हा शिकून करायचा पेशा ठरत गेला आणि दूध मागे पडलं. ‘मेल नर्स’ हा शब्द मूळ अर्थाने वाचला तर अशक्य कोटीतलाच!

नर्सरी आधी मुलांची खोली, मग रोपांची जागा. हातातला एकच पेला पुरवून पुरवून पिणं, तेही ‘नर्सिंग अ ड्रिंक’. इथे सांभाळणं तेवढं उरलं.

आता ग्रज, म्हणजे मनातला राग. ‘नर्सिंग अ ग्रज’ला मराठीत काय म्हणावं? ‘मनात अढी धरणे’ चालेल, पण अढी नुसती बसून राहते. ‘डूख धरणे’ यात सूड आहे, वाढवणं नाही. ‘जोपासणे’ छंदाला शोभतं. मी ‘राग पोसणे’ घेईन. रोज थोडं थोडं खायला घालून राग मोठा केल्याचा भाव त्यात येतो.