नागपुरात फक्त सत्तरच्या दशकातल्या गाण्यांचं रेडिओ केंद्र असावं का?

धंतोलीकर: माझ्या मते असावंच. १९७० ते ७९, हिंदी-मराठी दोन्ही, दिवसभर. आज एफएमवर जुनी गाणी म्हणून तीच ती पंधरा-वीस फिरवतात. आरडी झाला, किशोर झाला, की संपलं दशक. संगीतकार जयदेव किती वेळा कानावर पडतो? 'घरौंदा' (१९७७) मधलं 'दो दीवाने शहर में' लागतं अधूनमधून, पण रूना लैलाचं 'तुम्हें हो न हो' ऐकायला तरसावं लागतं. 'जैत रे जैत' त्याच वर्षीचा. महानोरांचे शब्द, हृदयनाथांच्या चाली, पण लागतात ती ठरलेली दोन-तीन गाणी. एकाच दशकावर चोवीस तास भरायचे म्हटलं की लावणाऱ्याला तळाशी जावंच लागेल.

इतवारीवाला: काहून बा, दहा वर्षांचीच भिंत काहून? 'आराधना' १९६९ चा. किशोरकुमारची लाट उठली तिथून, अन् तुमच्या केंद्रावर तोच नाही! दुसरं, सुरेश भट आपल्या नागपुरात राहिले, रेशीमबागेत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. पण 'उंबरठा' १९८२ चा, म्हणून त्यातलं भटांचं 'सुन्या सुन्या मैफिलीत' नागपूरच्याच केंद्रावर बंद? हे मले अजिबात पटत नाही.

धंतोलीकर: दादा, 'आराधना'ला दार उघडलं तर मागून 'गाइड' येईल, मग 'मुगल-ए-आझम'. शेवटी सगळीकडे लागतं तेच आपल्याकडेही लागेल. भटांचं मात्र मलाही लागलं. तरी सीमा हवीच.

महालची सून: मला दोघांनाही विचारायचंय, केंद्र काढणार कोण? खासगी एफएमचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, वर गाण्यांचे हक्क. जाहिरातदाराला तरुण श्रोता हवा असतो. सामुदायिक रेडिओ म्हणाल, तर निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार केलेले असावे लागतात. नुसती सिनेमाची गाणी लावून तो चालत नाही. विविध भारती १९५७ पासून हेच काम करते आहे, तिला आधी ऐका.

धंतोलीकर: ऐकतोच ताई, रात्रीचं छायागीत सोडत नाही. पण निम्मे कार्यक्रम इथलेच करायचे असतील तर उत्तमच! त्या काळी सीताबर्डीत रेकॉर्डची दुकानं चालवणारे, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे जे कोणी आज हयात असतील त्यांना बोलतं करा. कोणतं गाणं आलं की वरातीत माणसं थांबायची, हे तेच सांगतील. मोबाइलमधल्या यादीला ते कसं येणार?

इतवारीवाला: बँडवाल्यांचं बोलले ते शंभर टक्के खरं. त्यांना आणा, मी रोज ऐकीन. पण त्यांना १९८२ चं गाणं आठवलं तर मधेच थांबवाल काय? साल सोडा, संगीतकार धरा. एक आठवडा जयदेव, एक आठवडा हृदयनाथ, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत.