सिम आईकडे ठेवण्यापेक्षा सोबत न्या
परदेशात राहताना भारतातल्या बँकेचे ओटीपी कसे मिळवायचे, यावर 'भारतातलं सिम आईच्या फोनमध्ये टाकून द्या, ती ओटीपी वाचून दाखवेल' असा सल्ला मिळतो. आम्ही दीड वर्ष हेच केलं. आई दुपारी झोपलेली, फोन चार्जिंगला आतल्या खोलीत, आणि तिनं चष्मा शोधेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली! शिवाय बँका जो आकडा कुणालाही सांगू नका म्हणतात, तो आपण रोज फोनवर मोठ्यानं वाचून घेतो, तेही बरं नाही. आता सिम माझ्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत असतं, डेटा बंद. रोमिंगवर येणारे एसएमएस सहसा फुकट असतात. मात्र आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतात असतानाच सुरू करून घ्या. मी विसरलो होतो आणि पुढच्या सुट्टीपर्यंत सिम मुकंच राहिलं.

प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच वापर नसेल तर बंद होऊ शकतो आणि काही काळानं दुसऱ्याला दिला जातो. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमानुसार खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून मुदत ३० दिवसांनी वाढते, पण त्या भरवशावर न राहता मी सरळ वर्षाचं रिचार्ज मारतो. गूगलचं वेगळं: त्याचे १० बॅकअप कोड (फोनवर कोड येत नसेल तेव्हा लॉगिनसाठी वापरायचे, प्रत्येक एकदाच चालणारा) निघण्यापूर्वी कागदावर उतरवून पासपोर्टपासून वेगळे ठेवा. माझे पहिल्या वेळी त्याच पाकिटात होते, जे विमानतळावर हरवलं.